झटके देणारं चाक

नागपूरच्या कडेला, आमच्या बेसातल्या घरात गाड्यांच्या शर्यतीचे दोन खेळ होते. टीव्हीवरचा मी खेळायची. बटण दाबून धरलं की गाडी पळते. भिंतीवर आदळली तर ठिणग्या उडतात आणि गाडी आपोआप रस्त्याच्या मधोमध परत येते. मी चौथी शिकलेली, मला तेवढं पुरे.

दुसरा खेळ नातीचा. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्याकडे कंप्युटरपुढे लोखंडी सांगाडा, त्यात खुर्ची, पायाखाली तीन पेडल आणि हातात खरंखुरं वाटणारं चाक. रस्ता खराब असला की ते चाक झटके द्यायचं. एकदा मी बसले तर मनगट मुरगळलं. त्या खेळात टायर झिजतात, पेट्रोल संपतं, वळणावर ब्रेक जास्त दाबला की गाडी गरकन फिरते.

"असा त्रास काहून करून घेतं वं तू?" मी विचारलं. "खेळच आहे ना?"

"आजी, तू आदळत आदळत जातं. त्याले गाडी चालवणं म्हणत नाही."

"पण पहिला नंबर तर येते माझा!"

"तुझ्या खेळात म्हशीचाही येईल."

मे महिन्यात तिची मोठी शर्यत आली. घरी बसून खेळायची, पण देशभरातली पोरं त्यात. पहिल्या तिघांना खऱ्या शर्यतीची गाडी चालवायला मद्रासकडे बोलावणार होते. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, तिला बजावलं होतं, "तिघांत आली तर मी सोता पोचवून देतो. नाही आली तर चाक विकायचं अन् पुस्तक धरायचं." ती हो म्हणाली. ती हो म्हणाली की तसंच करते, हे मला माहीत होतं. मला तेच नको वाटत होतं.

आमच्या घरची लाइन कमजोर. जड काही लावलं की दिवे मिणमिणतात. कंप्युटरला बॅटरीचा डबा होता, चाकाला नव्हता. म्हणून नातीने सकाळीच हुकूम सोडला की शर्यत होईपर्यंत कूलर नाही, मिक्सर नाही, पाण्याची मोटर नाही. मुलगा काटोलला शेतावर गेला होता, तो संध्याकाळी येणार होता. त्याला काही सांगायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

भर दुपारी शर्यत लागली. कूलर बंद, खोलीची भट्टी झालेली. पोरगी दुपट्ट्याने तळवे पुसायची आणि परत चाक धरायची. ती चौथी होती, मग तिसरी झाली. मागची लाल गाडी तिला चिकटूनच होती.

तेवढ्यात शेजारीण भिंतीवरून ओरडली, "नळ आले वं!"

सून मोटरच्या बटणाकडे धावली. मी आधीच तिथं जाऊन उभी राहिले.

"आई, सरका ना. टाकी रिकामी हाये. परवा पाणी आलं नाही."

"हात लावू नको."

"मग आंघोळ काय गेमनं करू आपण?"

"नको करू. दोन दिवस वास आला तर कोणी मरत नाही."

"तुम्हीच चढवून ठेवलं तिले," ती म्हणाली. पण तिने हात मागे घेतला. बादल्या घेऊन अंगणात गेली आणि बारीक धारेखाली एकेक भरू लागली. आतून टायरांचा किंचाळल्यासारखा आवाज येत होता. नात दुसरी झाली होती. दोनच फेऱ्या उरल्या होत्या.

तेव्हा मुलगा लवकर घरी आला. डोक्याला शेला, तोंड लालबुंद. नागपुरात मे महिन्यात बाहेरून आलेला माणूस चप्पल काढायच्या आधी जे करतो, तेच त्याने केलं. हात लांब करून कूलरचं बटण दाबलं.

दिवा मिणमिणला. चाक मेलं. पडद्यावरची गाडी वळण सोडून सरळ कडेच्या खडीत घुसली. मग चाकात जीव आला आणि नव्याने चालू करताना फिरतं तसं ते आपोआप डावीकडे, उजवीकडे फिरलं. तोवर चार गाड्या पुढे निघून गेल्या होत्या.

"बाबा, बंद करा!"

त्याने बंद केलं. तो तसाच चपला घालून उभा राहिला. तिने गाडी खडीतून काढली. गाडी एका बाजूला ओढत होती, तरी तिने दोघांना मागे टाकलं. शेवटच्या वळणावर तिसऱ्याच्या बरोबरीला आली. सून अंगणातून आत आली होती, हातात भरलेली बादली तशीच.

चौथा नंबर आला.

"हे धरायचं नाही," मुलगा म्हणाला. "बटण मी दाबलं. चाक राहू दे, पुढच्या वेळी बघू."

"ठरलं होतं बाबा, तिघांत नाही तर विकायचं."

"मी म्हणतो ना, राहू दे!"

"तुम्हाले सांगून ठेवायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही. शर्यतीत तेही धरलं जाते."

"बापाहून शहाणी झाली का वं?" मी म्हटलं. "तो देऊन राहिला तर घे."

तिने ऐकलं नाही. ती पाना घेऊन खाली बसली आणि सांगाड्याचे बोल्ट काढू लागली. मुलाने चपला काढल्या आणि दुसरी बाजू धरली.

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पदरात पडतं ते घ्यावं.

चाक न्यायला धरमपेठेतला एक जण आला. त्याने ब्रेक स्कूटरसारखा हलकाच दाबून पाहिला. नात म्हणाली, "असा नाही दादा, पूर्ण पाय घाल," आणि त्याच्या शेजारी बसून बराच वेळ त्याला शिकवत राहिली.