कन्हेरीचा डोंगर नरसिंहपुरात

"डोंगर खाली चाललाय. सुनंदाला घिऊन या," एवढंच सांगून सासऱ्यांनी गावच्या एसटीडी बूथवरून फोन ठेवला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीकडे डोंगर आहे ही बातमीच मला नवीन होती. सासुरवाडीला इतकी वर्षं मी ज्याला माळ समजत होतो, त्याला तिकडे डोंगर म्हणतात. भाद्रपदात जोडून सुट्टी आली होती आणि माझा बेत लोणावळ्याचा होता. सुनंदाने, म्हणजे बायकोने, फक्त "माझे आबा" असं म्हटलं आणि माझा लोणावळा कन्हेरीला हलला.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, पुण्याहून पाटसमार्गे जा. आम्ही सासवड-मोरगावची एसटी धरली, कारण तिच्यात जागा होती. जागा का होती ते दिवे घाटात कळलं. बारामतीच्या स्टँडवर भजी चांगली मिळायची, चहा मात्र पापक्षालनासाठी पीत असावेत. तिथून कन्हेरीला वडाप, म्हणजे जीपमध्ये जितकी माणसं मावतात त्याच्या दुप्पट. भाडं किरकोळ, कारण अर्धा माणूस बाहेरच लटकलेला असतो.

आबा आम्हाला थेट उतारावर घेऊन गेले. हा उतार आबांचा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या यांचा. खाली काळी माती, वर मुरमाड. वाटणीच्या वेळी कुणावर अन्याय नको म्हणून भावांनी डोंगर वरपासून खालपर्यंत उभा चिरला. दोघांना सारखी काळी, सारखी मुरमाड. न्याय असा की कोर्टानेही शिकावं. आता पट्टी उभी म्हटल्यावर नांगर उभा, पेर उभी आणि मधला बांधही उभा. पावसाच्या पाण्याला वरून खाली जायला असे हमरस्ते सरकारनेसुद्धा करून दिले नसते. वरची झाडं चुलीत गेली होती, गवत शेळ्यांनी संपवलं होतं. वरच्या अर्ध्या भागात नुसता मुरूम दात काढून बसला होता. मधल्या बांधाच्या कडेला माझ्या छातीएवढी घळ पडली होती. खालच्या काळ्या तुकड्यावर बाजरी उभी होती, तेवढंच काय ते शेत उरलं होतं.

"ह्यो तुकडा गेला की आमी काय दगडं खायाची?" आबा सुनंदाला म्हणाले. "बांध फोडून पानी अडवाया आडव्या दगडी ताली घाला म्हणतोय. तात्या ऐकंना. तुझं ऐकंल."

तात्या घळीच्या पलीकडे उभे राहून सगळं ऐकत होते. "आडवं नांगरलं की हद्द मोडती," ते म्हणाले. "मग कुणाचं कुठवर, कोण सांगणार? हद्द म्हंजी हद्द."

संध्याकाळी पाऊस आला. त्या भागात तो वर्षभर तोंड दाखवत नाही आणि आला की मागची सगळी थकबाकी एका तासात देतो. गोठ्यात उभं राहून आम्ही बघत होतो. थेंब उघड्या जमिनीवर आपटत होते, नांगराच्या प्रत्येक उभ्या सरीतून गढूळ पाणी पळत होतं आणि घळीत उडी घेत होतं. तात्यांच्या बाजूचा बाजरीचा एक कोपरा मुळासकट घळीत ढासळला. सुनंदा रडत होती. मी लोणावळ्याचा विचार सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी नरसिंहपूर. तात्यांची म्हैस आजारातून उठली होती, तिचा नवस फेडायचा होता. या भावांनी शेत वाटलं, गोठा वाटला, देव मात्र एकत्र ठेवलाय, त्यामुळे सगळेच निघालो. वालचंदनगरवरून इंदापूर, तिथे गाडी बदलायची. वाटेत कंपनीच्या वसाहतीतले सरळ रस्ते आणि आखीव झाडं बघून आबांनी मान हलवली. इंदापूरच्या स्टँडसमोर मटकीची उसळ आणि भाकरी मिळाली. ती खाल्ल्यावर माझा त्या भागाबद्दलचा राग बराच निवळला.

देवळाचा घाट खाली संगमावर उतरतो. नीरा भीमेला मिळते ती जागा. त्या दिवशी नीरा दाट चहाच्या रंगाची होती. दर्शन झालं, नारळ फुटला, तात्या पायरीवर टेकले.

"पानी लई गढूळ हाय," ते म्हणाले.

"तात्या, ओढ्यानं नीरेत आन नीरेनं हितं. ती आपलीच माती हाय," सुनंदा म्हणाली.

तात्यांनी वाकून ओंजळ भरली, नीट निरखली आणि म्हणाले, "माझी न्हाय. माझी काळी हाय. ही तुझ्या आबाची."

"माझी कशी? काल तुझाच कोपरा गेला!" आबा उसळले.

तालुका ओलांडून आलेल्या चिखलाचीही वाटणी सुरू झाली. भाविक थांबून ऐकू लागले. मी दुसरीकडे बघायला लागलो, जावयाने करण्यासारखं तेवढंच होतं.

सुनंदा दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. "लेकीला चोळी-बांगडीला जमीन द्यायची रीत हाय का न्हाय आपल्यात?"

"हाय की," आबा गोंधळले.

"मला न्हाय दिली. आता द्या, दोघांनीबी द्या. उताराच्या मधोमध, आबांच्या कडंपासनं तात्यांच्या कडंपर्यंत. बैल वळंल एवढी रुंद. पर आडवी."

"आडवी पट्टी घिऊन तू काय पेरणार?" तात्यांनी विचारलं.

"काय न्हाय. गवत ठेवीन. दगडाची ताल घालीन."

"आन मी न्हाय म्हणलो तर?"

"तर बसा ही माती बघत. मी माहेराला यायची न्हाय."

तात्यांना मुलगी नाही. सुनंदाला खांद्यावर बसवून त्यांनीच जत्रा दाखवल्या होत्या. भावाला जमीन देणं म्हणजे हार, पण लेकीला नाही म्हणणं म्हणजे गावात तोंड दाखवायची चोरी.

"लेकीच्या वाट्यात नांगर घालायचा न्हाय, दादा," ते शेवटी आबांना म्हणाले. "तुलाबी सांगून ठिवतो."

तिसऱ्या दिवशी सुनंदाच्या पट्टीपुरता मधला बांध तात्यांनी स्वतः टिकावाने फोडला. घळीतलेच दगड काढून आडवे रचले. गवंडी वापरतो तशी पाण्याची नळी धरून पातळी बघायचं काम माझ्याकडे होतं. पट्टीच्या दोन टोकांना पाणी सारखं दिसेपर्यंत न हलता उभं राहायचं. इतकी वर्षं सरकारी नोकरी केल्यामुळे ते मला उत्तम जमलं.

पुण्यात परतलो ते तळहातावर फोड घेऊन. एकही दाणा न पिकवणारी जमीन बायकोच्या नावावर, तीही तोंडी, आणि मी त्या जमिनीचा जमीनदारीण-पती. लोणावळ्याचे फोटो दाखवणाऱ्या शेजाऱ्यांना मी मुरमाचे फोटो दाखवले. एकाने विचारलं, "यात बघायचं काय?" तेव्हापासून मी कुठल्याही उतारावर गेलो की आधी नांगर कसा फिरलाय ते बघतो.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर आबा डोळे तपासायला आमच्याकडे आले. बाजरी बरी आली होती. बसल्या बसल्या तक्रार सुरू झाली.

"तुझ्या तालीला घोट्याएवढा गाळ अडलाय, पोरी. झ्याक माती. तात्या म्हणतो, त्याच्या बाजूची जास्त हाय. मी म्हणतो, माझी. तूच सांग, कुणाची?"

सुनंदाने त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"माझी," ती म्हणाली. "दोघांनीबी हात लावायचा न्हाय."