खडूचा अर्धा गोल

भिवा कासारे बंदूक तपासायचा तेव्हा दुकानात कुणी बोललेलं त्याला खपत नसे. मालक अप्पाशेट बोलले तरी तो हातातलं काम खाली ठेवून त्यांचं संपेपर्यंत थांबायचा. आमचं दुकान गिरगावात होतं. परवान्याच्या बंदुका आणि काडतुसं विकणारं दुकान, आणि मी तिथला कारकून. परवाने बघायचे, बंदुकीचा नंबर उतरवून घ्यायचा, सही घ्यायची. बंदुकीतलं मला काही कळत नव्हतं. पंधरा वर्षं बंदुकांत बसून कळलं नाही, यावरून माझी अक्कल ओळखावी.

भिवाला कळत होतं. रत्नागिरीकडचा महाराचा पोरगा, लढाईच्या काळात पलटणीत भरती झाला आणि तिथल्या कारखान्यात बंदुका दुरुस्त करायला शिकला. सुटून आल्यावर परळच्या एका चाळीत बायको कमलाबाई आणि म्हातारी आई यांच्यासह राहायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचं बाकडं होतं. त्याच खोलीच्या दारामागे खिळ्याला त्याचा अॅल्युमिनियमचा पेला टांगलेला असे. आमचे पेले पुढे, माठाजवळ. शेकडो लोक त्याच्या शब्दावर जीव टाकून जंगलात जात, पण त्याचा पेला आमच्या पेल्यांत गेलेला चालत नव्हता. मी हे तेव्हाही बघत होतो. वाईट वाटायचं आणि मी पाणी पिऊन घ्यायचो.

त्याची तपासायची रीत ठरलेली. आधी बोल्ट, म्हणजे मागची सरकती खीळ, काढायचा, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं आणि पुढून डोळा लावायचा. नखावर पडलेल्या उजेडात नळी आतून लख्ख दिसते. मग बोल्ट बसवून रिकाम्या बंदुकीचा चाप पन्नास वेळा ओढायचा. सगळं ठीक निघालं की दस्त्याच्या खालच्या अंगाला खडूने अर्धा गोल काढायचा, अर्धाच. बंदूक रात्रभर फरशीवर उघडी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या, चहाच्या आधी, पुन्हा चाप ओढून बघायचा. मग गोल पुरा व्हायचा. ज्या बंदुकीवर पुरा गोल नाही ती विकायची नाही, हा दुकानाचा नियम. नियम अप्पाशेटांचा नव्हे, भिवाचाच. पण गिऱ्हाइकं आता गोल बघितल्याशिवाय बंदूक घेत नव्हती, त्यामुळे शेटही मान डोलवत.

"दुपारी गरम लोखंड गोडच बोलतं, शरदराव," तो मला म्हणायचा. "रातभर गारठलं की मग त्याच्या मनात काय हाय ते कळतं."

पंचावन्नच्या डिसेंबरात शेटनी सहा परदेशी रायफली आणल्या. बोल्टच्या, शिकारीच्या, नेहमीच्या रायफलीच्या निम्म्या किमतीच्या. शेट खूश होते. भिवाने पहिली उचलली, खांद्याला लावली, नळीतून बघितलं.

"नळी सरळ हाय," तो म्हणाला. "नेम चांगला बसंल. लाकूड हलकं, पण चालंल."

"मग?" शेटनी विचारलं.

"चापाचं घर पत्र्याचं हाय, शेट. पैसं तिथंच वाचवल्यात."

त्याने एकेक तपासली. तीन पास झाल्या. दोन रायफली रात्रभर फरशीवर राहिल्या आणि सकाळी फसल्या. काय फसलं ते त्याने मला बाकड्यापाशी उभं करून दाखवलं. सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, लावली आणि चाप ओढला. बंदूक उडाली नाही. उडायची नव्हतीच. चाप सोडला. मग त्याने नुसती सेफ्टी काढली आणि चापाला बोट न लावता घोडा खटकन सुटला. आतलं ग्रीस थंडीने घट्ट होतं आणि चापाचा तुकडा जागेवर परत यायचा विसरतो, असं त्याने समजावलं. दिवसाची पहिली एक-दोन वेळाच असं व्हायचं. नंतर शंभर वेळा ओढा, काही नाही. त्या दोन्हींवर त्याने फुली मारली. शेटचं तोंड उतरलं. सहावीवर त्याने जानेवारीतल्या एका संध्याकाळी अर्धा गोल काढला आणि घरी गेला.

त्याच रात्री मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत असं दिल्लीहून जाहीर झालं आणि जानेवारीच्या मधल्या आठवड्यात गिरगावपासून लालबागपर्यंत गोळ्या चालल्या. बंदुकांची दुकानं सगळ्यांआधी बंद झाली. आम्ही घरात कोंडून बसलो. जानेवारी संपता संपता दुकान उघडायची मुभा मिळाली. भिवा आला नाही. त्याच्या बाजूला संचारबंदी सकाळी दोन तास उठायची, पुन्हा लागायची. शिवाय त्याच्या चाळीतला एकजण गोळीबारात गेला होता. भिवा त्यांच्या घरचं बघत होता.

आणि नेमका मनमोहन आला. शाळेपासूनचा माझा मित्र, प्रभादेवीच्या जुन्या घरातला, वकील. त्यांची पालघरकडे वाडी होती आणि रानडुकरं ती उकरून खात. त्याच्या परवान्यावर बंदूक विकत घेण्याची मुदत दोन दिवसांत संपत होती. तीन पास झालेल्या रायफली आधीच गेल्या होत्या.

"ती एक आहे ना?" तो म्हणाला. "भिवा मिस्त्रींचा गोल असला की झालं. माझ्या वडिलांनीही त्यांच्याच गोलावर घेतली होती."

शेटनी माझ्याकडे बघितलं. "अर्धी पास आहेच ती," ते म्हणाले आणि जेवायला वर गेले. एवढंच ते म्हणाले. बाकीचं मी केलं, आणि ते कुणाच्या माथी मारायची आता इच्छा नाही.

मी मागच्या खोलीत गेलो. भर दुपार होती. मी दहा वेळा सेफ्टी लावली, चाप ओढला, सेफ्टी काढली. घोडा एकदाही सुटला नाही. दुपारी सुटणार नाही हे मला माहीत होतं. कारण भिवाने मला तिथंच उभं करून दाखवलं होतं. तरी मी बाकड्यावरचा खडू घेतला आणि गोल पुरा केला. मनमोहनने तो बघितला, अंगठा फिरवला आणि समाधानाने बंदूक खोळीत घातली. मी त्याची सही घेतली.

पंधरा दिवसांनी बातमी आली. पहाटे वाडीच्या कुंपणाशी मनमोहन आणि त्याचा धाकटा भाऊ गुरुदत्त डुकरांच्या मागावर होते. कुंपण ओलांडताना चाप कशाला तरी अडकला असावा. सेफ्टी लावलेली होती, म्हणून काही झालं नाही. पलीकडे गेल्यावर मनमोहनने सेफ्टी काढली. दोन पावलं पुढे गुरुदत्त होता. तो पालघरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. सव्वीस वर्षांचा होता, आणि त्याच्या मुंजीत मी जेवलो होतो.

चौकशीला फौजदार दुकानात आले, ती रायफल घेऊन. तोवर भिवा कामावर येऊ लागला होता. फौजदारांनी दस्ता उलटा केला. खडू पुसट झाला होता, तरी गोल दिसत होता.

"हा कुणाचा?"

"मिस्त्रीचा," शेट म्हणाले.

भिवाने बंदूक हातात घेतली आणि दस्ता उजेडाकडे धरला.

"अर्धा माझा हाय, साहेब," तो म्हणाला. "दुसरा अर्धा माझा न्हाई. मी त्या दिसांत आलोच न्हवतो."

"सकाळी दोन तास सुटका असायची," शेट म्हणाले. "तेव्हा येऊन गेला असेल. नगामागे पैसे घेणारा माणूस, त्याची हजेरी आम्ही लावत नाही."

भिवा माझ्याकडे वळला. त्याच्या नजरेत राग नव्हता. मी खरं सांगणार याची त्याला खात्री होती, एवढंच होतं.

"शरदराव, तुमी सांगा. मी आलो होतो काय?"

मी म्हणालो, "मी पुढे होतो. मागे कोण आलं, मी पाहिलं नाही."

फौजदारांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. खटला झाला नाही. पण मनमोहनच्या घरून, क्लबातून, वाडीवाल्यांतून गोष्ट पसरली की मिस्त्रीने न बघताच गोल काढला. शेटनी त्याला त्याच आठवड्यात काढलं. फोर्टातल्या दुकानांत तो फिरला, कुणी ठेवलं नाही. ज्याच्या शब्दावर पोट चालतं त्याचा शब्दच मी खाल्ला होता. जाताना त्याने आपला पेला नेला नाही. तो दोन-तीन महिने खिळ्याला तसाच होता, मग कुणीतरी भंगारवाल्याला दिला. लोक मला शांत स्वभावाचा म्हणतात. घाबरट माणसाला लोक शांतच म्हणतात.

नंतर भिवा मला दिसला तो साठ साली, एप्रिलच्या अखेरीस. महाराष्ट्र दोन-चार दिवसांत होणार होता, परळ-लालबागला रोषणाईच्या माळा चढत होत्या. घरचा स्टोव्ह हवा धरत नव्हता आणि बायकोने, दुर्गाने, हिंदमाता टॉकीजजवळच्या एका मिस्त्रीचं नाव ऐकून मला पाठवलं. फुटपाथवर गोणपाट टाकून, भोवती पितळी स्टोव्ह मांडून भिवा बसला होता. केस पिकले होते. मधल्या काळात तो बौद्ध झाला होता. कमलाबाई गेल्याचं त्याच्या शेजाऱ्याकडून नंतर कळलं.

त्याने मला ओळखलं. "बसा, शरदराव," म्हणाला आणि कामाला लागला. मी काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं. तो हातातलं खाली ठेवून माझं संपायची वाट बघत थांबला. मी बोललोच नाही. मग त्याने वायसर बदलला, हवा भरली आणि पितळेवर खडूने अर्धा गोल काढला.

"आज नेऊ नका," तो म्हणाला. "रातभर हवा भरून ठेवतो. सकाळपातूर उतरली न्हाई तर देतो."

सकाळी मी गेलो. गोल पुरा होता. त्याने मजुरी घेतली, मोड परत दिली आणि दुसऱ्याचा स्टोव्ह ओढला.

घरी आल्यावर दुर्गाने चिंच आणि राख घेऊन स्टोव्ह घासायला काढला. तो गोल राहू दे, असं मला म्हणायचं होतं. पण तिने का म्हणून विचारलं असतं. मी दारात उभा राहून ती तो पुसताना बघत राहिलो.