'गोळ्या पोटात गेल्या का?' विचारणारे डॉक्टरसाहेब

डहाणूच्या दवाखान्यात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा डॉक्टरसाहेबांनी पहिलाच प्रश्न केला, "सिस्टर, पेशंटला शौचाचा रंग विचारायला लाज वाटते का?" मी नरपडची, तोंडाने फटकळ. "लाज वाटली असती तर बँकेत नसते का गेले?" साहेब हसले नाहीत. "मग रोज विचारा, आणि उत्तर लिहून ठेवा," एवढंच म्हणाले. आज त्यांच्या पंचाहत्तरीला बाकीचे त्यांच्या हातगुणाबद्दल लिहितीलच. मी त्या एका प्रश्नाबद्दल लिहिते.

साहेबांना कुठलंच काम हलकं वाटलं नाही. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी मला घरी धाडलं आणि वॉर्डातल्या चादरीसुद्धा स्वतः बदलल्या. तलासरीची बुधवारची तपासणी त्यांनी तापातही चुकवली नाही.

अशाच एका बुधवारी वेवजीच्या सोनीताई आल्या. सोनोग्राफीत त्यांच्या पित्ताशयात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब, दिसला होता. साहेबांनी ऑपरेशन सांगितलं होतं. भातकापणी उरकून येते, असं त्या म्हणाल्या होत्या. आता उजव्या कुशीत कळा येत होत्या आणि डोळे पिवळे दिसत होते. मी रंग विचारला. "काळा, डांबरासारखा." कार्डावर रक्तवाढीच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या, आणि त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतंच. "गोळ्यांचा रंग आहे, घाबरू नका," मी म्हटलं आणि कागदावर काहीच लिहिलं नाही. साहेबांनी काविळीच्या तपासण्या लिहून दिल्या. काळा रंग त्यांना कळला असता, तर त्यांनी सोनीताईंना त्याच दिवशी दाखल करून घेतलं असतं.

तिसऱ्या दिवशी सोनीताईंना आणलं ते रक्ताच्या उलट्या होत असताना. पॉलिपमधून पित्तनलिकेत रक्त वाहत होतं. गुठळ्यांनी वाट अडून कावीळ झाली होती आणि बाकीचं रक्त आतड्यात उतरून शौचाला काळं होत होतं. साहेबांनी पोट उघडलं, पण रक्त अपुरं पडलं. सोनीताई टेबलावरच गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर त्यांचे यजमान जानूभाऊ गोळ्यांची पाकिटं घेऊन आले. "ह्या परत घ्या. तिने एकपण खाल्ली नाय. मळमळायचं तिला."

रंगाचा रकाना मी कोरा का सोडला होता, हे साहेबांना उमगलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चूक माझी, भाऊ. मी विचारायला हवं होतं."

"आता विचारून काय करता?" जानूभाऊ म्हणाले.

मी तिथेच कपाटाशी उभी होते. एरवी चुरूचुरू बोलणारी मी, त्या दिवशी चूक माझी असल्याचं न सांगता ती पाकिटं कपाटात लावत राहिले. दुसऱ्या सकाळी साहेबांनी एवढंच सांगितलं, "सिस्टर, रंगाच्या पुढे आणखी एक रकाना आखा. गोळ्या पोटात गेल्या का?" त्यानंतर हा विषय त्यांनी कधीही काढला नाही. तो रकाना मात्र आजही भरला जातो.

तलासरीच्या बाजारात साहेब दिसले की जानूभाऊ रस्ता ओलांडून पलीकडे जातात. साहेब तरीही हात जोडतात. या सोहळ्याचं निमंत्रण द्यायला आमचा माणूस गेला, तर जानूभाऊ म्हणाले, "ज्याच्या हातून माझी बायको गेली, त्याला हार घालायला येऊ?"

साहेबांचा हा गौरवग्रंथ हातात पडला की पहिली प्रत घेऊन मी वेवजीला जाणार आहे आणि हे पान त्यांना वाचून दाखवणार आहे. फार उशीर केला मी, साहेब. तुम्हाला निरोगी शंभरी लाभो, आणि बाजारातून सुखाने चालता येवो. यापुढे जानूभाऊंनी रस्ता ओलांडला, तर तो मला पाहून ओलांडावा.