काडतुसं भरणाऱ्या ताई

गाडीच्या किल्लीनं खिडकीच्या काचेवर टकटक, आणि मागोमाग, "बसून काय होतंय? चल की!" नॉटिंगहॅममधल्या माझ्या सुरुवातीच्या वर्षांत बरेचसे रविवार असेच उजाडायचे. माझ्या दाराला चांगली बेल होती. पण बेल वाजवली की दार उघडेपर्यंत एका जागी उभं राहावं लागतं, आणि तेवढंसुद्धा ताईंना जमत नसे.

ताई माझ्या शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत. मी पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कामासाठी आलेला. ताई मूळच्या कोल्हापूरकडच्या, पन्नाशीच्या, इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. लग्न केलेलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर "वेळ मिळाला नाही" एवढं सांगून त्या तिथून निघूनही जायच्या, आणि विचारणारा हातात चहाचा कप घेऊन तसाच उभा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मंडळाच्या गणपतीत त्या आरतीला हजर, पण जेवणाच्या पानावर नाहीत. फोनवर बोलताना जिना चढायच्या, उतरायच्या, परत चढायच्या. भिंतीपलीकडून मला फोन किती लांबला ते पावलांवरून कळायचं. मोटरवेवर गाड्या तुंबल्या की पहिल्या फाट्याला गाडी बाहेर काढून गल्लीबोळांतून हिंडत राहायच्या. "ताई, यानं उशीरच होणार," मी म्हणायचो. "होऊ दे. चाक फिरलं पाहिजे." कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं बोलतात, तशाच त्या बोलायच्या, आणि त्यांच्या तोंडी 'मी गेलो' हेच जास्त असायचं. मला अशा माणसांचा राग येतो. शेजारी राहून आपल्याही पायांना तीच सवय लागते, म्हणून जास्त येतो.

आता अशा बाईनं छंद कोणता धरावा? ताई हरणांची शिकार करायच्या. परवाना, रायफल, भिंतीत ठोकून बसवलेलं लोखंडी कपाट, सगळं रीतसर. आमच्या पुण्याच्या घरात अंडं शिजवायला वेगळं भांडं असायचं, त्यामुळे हे कळल्यावर मी काही दिवस त्यांच्याकडे चोरून पाहत होतो. मग त्यांनी एकदा डबाभर खिमा आणून दिला. भिडेखातर पहिला घास खाल्ला आणि पुढचे मात्र भिडेखातर नव्हते, हे इथंच सांगून टाकतो.

परवान्याच्या नूतनीकरणासाठी पोलिसांचा माणूस यायचा. कपाट तपासायचा, कुलूप हलवून बघायचा, रायफल कशासाठी हवी ते विचारायचा. एकदा मी तिथेच होतो. ताईंनी त्याला समजावलं, की इथं लांडगे उरले नाहीत, हरणं बेसुमार वाढतात, शेतकऱ्यांचा गहू आणि नवी झाडं खाऊन टाकतात, शेतकरी मला बोलावतो. तो मान डोलवत लिहीत होता. मग त्या म्हणाल्या, "अँड आय कान्ट सिट ॲट होम, यू सी." त्यानं ते लिहिलं की नाही कोण जाणे, पण जाताना चिवडा मात्र कागदात बांधून नेला.

खरी गंमत मागच्या खोलीत होती. ताई आपली काडतुसं स्वतः भरायच्या. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेलो तेव्हा मला वाटलं ही बाई वेगळीच कुणीतरी आहे. स्टुलावर बसलेली, पाय स्थिर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेला. समोर झाडलेल्या काडतुसांच्या घासून पुसून ठेवलेल्या पितळी पुंगळ्या, एक छोटा तराजू, आणि बंदुकीच्या दारूचा एकच डबा. एका वेळी टेबलावर दुसरा डबा येऊ द्यायचा नाही, हा नियम. पुंगळीच्या बुडाला नखाएवढी टोपी बसते. रायफलचा घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते, दारू पेटते, गोळी सुटते. इंग्रजीत तिला प्रायमर म्हणतात. ताई टोपीच म्हणायच्या.

"टोपी आणि दारूची पत्रिका जुळायला लागते," त्यांनी मला सांगितलं. "ही दारू सावकाश पेटते. हिला दमदार टोपी हवी, नाहीतर थंडीत नीट पेटायची नाही, गोळी कुठंतरीच जाईल. आणि तीच दमदार टोपी भलत्या दारूला लावलीस तर बंदूक तोंडावर फुटेल. दोघं चांगली असून उपयोग नाही. एकमेकांना चांगली पाहिजेत."

"आणि जुळलं की झालं?"

"झालं कसलं! टोपीची कंपनी नुसती बदलली तरी सगळं पहिल्यापासून. दारू कमी करायची, कागदावर मारून बघायचं, परत भरायचं, परत मारायचं. महिना जातो." मग तराजूवरची नजर न काढता म्हणाल्या, "माझी कुठं जुळली नाही. ह्यांची तरी जुळवतो."

हे त्यांना शिकवलं वडिलांनी, आबांनी. गगनबावड्याच्या बाजूला त्यांची शेती होती. रानडुकरं उसात घुसायची, म्हणून आबांकडे परवान्याची बंदूक होती आणि रात्री ते जागलीला जायचे. काडतुसं घरीच भरली जायची. टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, पुठ्ठ्याची चकती, छर्रे, वर आणखी एक चकती. हे काम ताईंचं, कारण हात बारीक आणि चूक होत नसे. बंदूक मात्र भावाच्या हातात. एकदा त्यांनी आबांना म्हटलं, मला पण एक बार काढू दे. आबा म्हणाले, "पोरीला बंदूक कशाला?" तेवढंच. रागावून नाही, सहज म्हणाले. ताई मला हे सांगत होत्या तेव्हा मागच्या खोलीतल्या स्टुलावरून उठल्या आणि नसलेली धूळ पुसायला लागल्या.

"मग आता त्यांना काय वाटतं?" मी विचारलं.

"त्यांना कुठं माहितीये?"

"म्हणजे? एवढी वर्षं तुम्ही..."

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही? तोंडासमोर सांगीन." दर वर्षी त्या कोल्हापूरला जायच्या, आणि परत आल्यावर मी विचारलं की ठरलेलं उत्तर, वेळ मिळाला नाही. बाहेर पोलिसांपासून शेतकऱ्यापर्यंत कुणाला न बिचकणारी ही बाई ऐंशी उलटलेल्या आपल्या बापाला बिचकत होती. मला हसू यायचं. मी माझ्या बापाला काय काय सांगितलं होतं, हा हिशेब मी त्या वेळी केला नाही.

त्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. ताईंची नेहमीची टोपी दुकानात येईनाशी झाली, म्हणून त्यांनी दुसऱ्या कंपनीची आणली. आणि कोल्हापूरहून भावाचा फोन आला, की आबांनी अंथरूण धरलंय, डॉक्टर म्हणतात काही खरं नाही, ये. ताईंनी दुसऱ्याच दिवशीचं रात्रीचं तिकीट काढलं. हीथ्रोला त्यांना मी सोडायचं ठरलं.

त्या दिवशी पहाटेच काचेवर टकटक. बॅग भरून तयार, अंगात हिरवं जाकीट.

"ताई, फ्लाइट रात्री आहे."

"तेच म्हणतो. तोपर्यंत इथं काय करू, भिंती चाटू? शेतकऱ्याला एक मादी मारून देईन म्हणून कबूल केलंय. सीझन संपायला आलाय. जाऊन येऊ, रायफल कपाटात ठेवू की लगेच विमानतळ." मी नको म्हणालो. म्हणजे तोंडानं म्हणालो. हात गाडीची किल्ली शोधत होते.

लिंकनशरच्या बाजूला ते रान होतं. गवतावर पांढरं दव गोठलेलं, श्वासाची वाफ. मी बांधापाशी मागे थांबलो. रानाच्या कडेला चार-पाच हरणं चरत होती. ताईंनी काठ्यांच्या टेकूवर रायफल ठेवली, बराच वेळ नेम धरला आणि बार झाला. हरणं उधळली. सगळीच उधळली. एक मादी मात्र पाठीत वाकून, मागचा भाग ओढत पळाली आणि झाडीत गेली.

मी धावत निघालो तर ताईंनी माझं जाकीट धरलं. "थांब. आत्ता मागं लागलास तर ती मैलभर पळेल. आपण थांबलो तर ती कुठंतरी बसेल." मग हळूच म्हणाल्या, "गोळी खाली गेली. नवी टोपी. कागदावर मारून बघितलं नाही मी. घाई केली."

अर्धा तास आम्ही तिथं उभे होतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मला थांब म्हणाल्या होत्या, आणि माझेच पाय ठरत नव्हते. ताई झाडीकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं ते त्यांनी पुसलं नाही.

मग शोध सुरू झाला. पानावर एक थेंब, दहा पावलांवर दुसरा. ओढ्यापाशी माग तुटला. शेतकरी आपली म्हातारी कुत्री घेऊन आला. कुत्रीनं माग काढला, परत हरवला. दुपार कलली. मी घड्याळ बघत होतो. आता निघालो नाही तर विमान चुकणार, हे मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी चिडलो.

"ताई, तिकडं तुमचे वडील शेवटच्या घटका मोजतायत! हरीण शोधेल ना हा शेतकरी! त्याचंच रान आहे!"

"गोळी माझी आहे."

"आणि आबांना काही झालं तर? तुम्ही स्वतःला माफ करणार आहात का?"

"नाही करणार," त्या म्हणाल्या. "पण आबांजवळ माझा भाऊ बसलाय. हिच्याजवळ कोण आहे?"

शेतकऱ्याला यातलं अक्षर कळलं नसेल. पण त्यानं डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि कुत्रीला पुढं घातलं.

अंधार पडता पडता ती सापडली, काटेरी झुडपांत, मान वर करून बसलेली. जिवंत होती. ताई एकट्या आत गेल्या. मी पाठ फिरवली. एक बार झाला आणि रान शांत झालं. त्या बाहेर आल्या, जनावरांच्या हौदात हात धुतले आणि म्हणाल्या, "चल." विमान चुकलंच होतं. मला त्यांचा इतका राग आला होता, की त्यांना दुसऱ्या रात्री हीथ्रोला सोडतानाही मी फक्त टर्मिनल कुठलं तेवढंच विचारलं.

ताई आता इथं राहत नाहीत. त्याच उन्हाळ्यात त्यांनी स्कॉटलंडच्या वरच्या टोकाला नोकरी धरली आणि गेल्या. तिथून पुढे कुठं गेल्या ते नक्की ठाऊक नाही. शेवटच्या नंबरावर भलताच माणूस फोन उचलतो. त्यांच्या घरात एक जोडपं आलंय, अतिशय शांत. भिंतीपलीकडून काहीसुद्धा ऐकू येत नाही आणि त्याचा मला त्रास होतो. माझी बायको म्हणते, तुला कशाचाही त्रास होतो. पण मी उठून जिन्यापर्यंत जाऊन येतोच.

आबांचे दिवस करून त्या परत आल्या तेव्हा आणायला मीच गेलो होतो. गाडीत बसल्यावर बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मोटरवेवर गाड्या तुंबल्या होत्या, तरी फाट्याला वळ म्हणाल्या नाहीत.

"मी पोचलो त्या दिवशी आबा बोलत होते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासनं वाचा गेली. आदल्या दिवशी आलो असतो तर आणखी एक दिवस बोलले असते माझ्याशी. ते आता कुणी मला परत देणार नाही."

मी हँडब्रेक ओढला.

"सगळं सांगितलं त्यांना. बंदूक आहे म्हटलं. काडतुसं अजून मीच भरतो म्हटलं, आणि उडवतो पण मीच. डोळे मिटून ऐकत होते. मग उशीर का झाला तेही सांगितलं. टोपी बदलली, घाई केली, गोळी खाली लागली, मादी जखमी होऊन पळाली. मला वाटलं आता म्हणतील, तरी मी म्हणत होतो, पोरीला बंदूक कशाला."

"मग? काय म्हणाले?"

"डोळे उघडले. मला म्हणाले, 'सापडली का?'"

पुढची गाडी हलली होती. मागून कुणीतरी हॉर्न दिला, तरी मी तसाच थांबलो.

"सापडली म्हटलं, आबा. दिवस गेला, पण सापडली. तर त्यांनी माझा हात धरला. त्यानंतर सोडलाच नाही."