दादाचं जहाज

काजू भाजल्याचा वास आला की आरोंद्यातल्या घरातली ती दुपार मला आठवते. आई मागीलदारी काजू भाजत होती आणि मी आत बसून एका कोर्ससाठी आंतरराष्ट्रीय निर्बंधांचा अभ्यास करत होते. कोणत्या देशाशी, कंपनीशी किंवा जहाजाशी व्यवहार करायला बंदी आहे, हे तपासून बँकेला कळवण्याचं ते काम. दादाला एजंटाने तेलाच्या जहाजावर चांगल्या पगाराची नोकरी मिळवून दिली होती. त्याची बॅगही भरून ओटीवर ठेवलेली. सहज सराव म्हणून मी त्या जहाजाचा नोंदणी क्रमांक शोधला. जहाजाचं नाव पुन्हा पुन्हा बदललं होतं आणि त्याच्यावर निर्बंध होते. मी दादाला ते दाखवलं. म्हटलं, "खंयच्या बंदरात जहाज धरला तर तू अडाकतलस रे." तो म्हणाला, "दुसरी नोकरी तू देतलस माका?" आईने मागीलदारातून येऊन बॅग उचलून आत नेली. दादा गेला नाही, पण पावसाळाभर माझ्याशी तुटकच बोलला. दिवाळीनंतर त्याला दुसरं जहाज मिळालं, कमी पगाराचं. आता हेच काम मी नोकरी म्हणून करते. एखाद्या जहाजाचा व्यवहार थांबवताना, त्यावर चढलेल्यांना निघताना घरून कुणी अडवून पाहिलं असेल का, असं मनात येतं.