कोंडिबांच्या अंगणातला अंधार

मोबाईलवर नाव कोंडिबांचं उमटलं आणि आवाज मात्र बाईमाणसाचा आला. त्यांची लेक मंगल बोलत होती. "काका, आबा गेले. सांजच्याला गोठ्याकडं जाताना पडले, डोक्याला लागलं. वेल्ह्याच्या दवाखान्यात नेईस्तवर संपलं सगळं... अंधारात दिसलं न्हाई त्यांना." मी किकवीच्या थांब्यावर उभा होतो. माझी एसटी आली, थांबली आणि निघूनही गेली. पोरीने सहज सांगितलेलं ते शेवटचं वाक्य दीड महिना झाला तरी माझ्या छातीवरून उतरत नाही. का, ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरावर आमची वेधशाळा होती. पुण्याच्या काही प्राध्यापकांनी ती तिथे बांधली, कारण इतका दाट काळोख त्यांना जवळपास दुसरीकडे मिळाला नाही. दुर्बिणीचा आरसा शेवटच्या चढावर माणसांनी डोलीतून नेला, आणि त्या माणसांत कोंडिबांचे वडील होते. मी मदतनीस म्हणून लागलो तेव्हा काही ताऱ्यांचं तेज कमी-जास्त होतं त्याच्या नोंदी ठेवायचं काम चालायचं. पूर्वेला महामार्गावरचा एखादा ट्रक चमकायचा, तेवढाच काय तो उजेड. मग सारोळ्याच्या पुलापासून ढाबे लागले, पानशेतकडे बंगले झाले, आणि पुण्याचा उजेड तर असा पसरत आला की आभाळाची ती कड ताक सांडल्यासारखी पांढुरकी दिसायला लागली. फिकट तारे एकेक करून आमच्या वहीतून गेले.

वेधशाळेच्या खालच्या अंगाला चार घरांचा धनगरवाडा आहे. तिथे वीज आली आणि कोंडिबांनी अंगणात दिवा लावला, तो थेट आमच्या घुमटात दिसे. वेधशाळेच्या साहेबांनी मला तो काढा म्हणून सांगायला पाठवलं. माझा स्वभाव आधीच घाबरट. दोनदा नुसता चहा पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा कोंडिबाच म्हणाले, "सायेब, तुमचं कायतरी काम हाय आन् त्ये तोंडातनं निघंना. बोला की." मी अडखळत सांगितलं. ते उठले आणि बल्ब काढून मोकळे झाले. मग हसत म्हणाले, "पुण्याला इझव म्हणायची ताकद न्हाई तुमची, म्हणून माझ्याकडं आलासा व्हय?" त्यांनी चेष्टाच केली होती, पण बोलले ते खरं होतं.

एका हिवाळ्यात वाघराने, म्हणजे बिबट्याने, त्यांच्या दोन शेळ्या नेल्या. मी धावत गेलो, म्हटलं, लावा बाबा दिवा. ते म्हणाले, "असू द्या. त्येचं पोट त्येला, तुमचं काम तुमाला." पुढे ग्रामपंचायतीचा सौर दिवा आला, तो त्यांनी खाली शाळेपाशी लावायला लावला. पाहुणे आले की माझी ओळख करून देत, "ह्ये आमचं सायेब, तारं बघत्यात." आयुष्यभर मी दुसऱ्याच्या हाताखालचा माणूस. सायेब मी फक्त त्या अंगणात होतो.

तीन वर्षांपूर्वी वेधशाळा बंद झाली. आरसा खाली उतरवून टेम्पोत घालून शहरात नेला. कोंडिबा वाटेवर उभे होते. "कुठं निगाला ह्यो?" त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दुरुस्तीला." का बोललो कुणास ठाऊक... लाज वाटली, दुसरं काय? एक खोटं निभवायला मग दर अमावास्येला मी किल्ली घेऊन वर जात राहिलो. अंधार पडायच्या आत घुमटाची झडप उघडायची, खालून त्यांना दिसेल अशी, आणि आत दुर्बिणीच्या रिकाम्या सांगाड्यापाशी तासभर बसायचं. खाली त्यांच्या अंगणात मिट्ट काळोख असायचा. इकडे किकवीला माझ्या घरासमोर हॉटेलचा इतका लखलखाट की खोलीत दिवा लावावा लागत नाही. दर वेळी ठरवायचो, पुढच्या खेपेला सांगू.

दहाव्याला गेलो. कोंडिबांच्या बायको, ठकूवहिनी, सगळे उठल्यावर जवळ आल्या. "सायेब, करडं ल्हान हाईत. दिवा लावू का? ह्ये म्हणायचं, सायबांना इचारल्याबिगर लावायचा न्हाई." "लावा, लावा," म्हणालो. "आन् तुमचं काम?" यावर मी "बघू" म्हणालो आणि चक्क पळून आलो. नंतर मंगलला फोन केला तर कळलं, आई म्हणते सायेब नुसतं बघू म्हणालेत, मन मोडायला नको. दिवा लावलेला नव्हता. त्या उताराच्या अंगणात आता वहिनी तिन्हीसांजेला एकट्या गोठ्याकडे जात होत्या. फोन वाजला की आधी नाव कुणाचं ते बघायचो.

गेल्या रविवारी शेवटी गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. उंबऱ्यावर बसलो आणि बसल्याबसल्या सांगून टाकलं, "वर काही नाही, वहिनी. तीन वर्षं झाली. मी खोटं बोललो." त्यांचा हात सुपात तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "आन् झडप उघडी दिसायची ती?"

"मीच उघडायचो."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सूप बाजूला ठेवून त्या आत गेल्या आणि बल्ब आणून माझ्या हातात दिला. "तुमीच लावा." मी खाटेवर चढलो. बल्ब दोनदा काढून पुन्हा फिरवला, तेव्हा कुठे होल्डरमध्ये बसला. दिवस मावळला होता. दिवा लागला तशा शेळ्या दचकून कोपऱ्यात सरकल्या. सगळं अंगण लख्ख दिसायला लागलं. वहिनी सावकाश गोठ्याच्या पायरीपाशी गेल्या, खाली बसल्या आणि दगडाच्या कडेवरून हात फिरवला.

"हितं," एवढंच म्हणाल्या.