चौकटीबाहेरचा अंगठा

निवृत्त झाल्यावर दिवसभर टीव्हीशी भांडत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी संग्रहालयात जायला लागले. बुऱ्हाणपुरातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद पडला आणि मालकाच्या मुलांनी सगळी खोकी संग्रहालयाला देऊन टाकली. काचेच्या निगेटिव्ह, फोटो, पिवळे पडलेले लिफाफे. माझं काम एवढंच की लिफाफा उघडायचा आणि कार्डावर लिहायचं, फोटोत कोण, कुठला, केव्हाचा. पस्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, इथेही तेच. फक्त इथे कुणी ‘हजर’ म्हणत नाही.

पहिल्याच महिन्यात मी सपाटून आपटले. एक काळा गळाबंद कोट, डाव्या खिशाची शिवण उसवलेली, पाच फोटोंत दिसला. पाचही जण एकाच घरातले असं मी ठोकून दिलं. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई पोट धरून हसल्या. “अहो मॅडम, कोट स्टुडिओचा आहे. जो येईल त्याले तोच घालायला देत होते. बहादरपूरचा असो की असीरगढचा.” तेव्हापासून मी कपड्यांवर विश्वास ठेवणं सोडलं.

एके सकाळी एका लिफाफ्यातून माझे वडील निघाले.

ते मी पोटात असताना तापाने गेले. आमच्या भिंतीवर त्यांचा एकच फोटो आहे, जाड मिशी, मागे वळवलेले केस. परीक्षेला निघताना, लग्नाच्या दिवशी, नोकरीचं पत्र आलं तेव्हा, मी त्याच चेहऱ्याला नमस्कार केला. माझे वडील म्हणजे तो चेहरा, दुसरं काही माझ्याकडे नाही. तोच फोटो आता माझ्या हातात होता आणि मी भर कचेरीत “बाबा!” म्हणून ओरडले.

घरचा फोटो छातीपर्यंतच आहे, खालचं सगळं चौकटीत कापलं गेलंय. हा पूर्ण होता. तोच उसवलेला कोट, खुर्ची, खुर्चीच्या दांड्यावर टेकलेला डावा हात. त्या हाताचा अंगठा अर्धाच होता.

अर्धा अंगठा माझ्या काकांचा. वडिलांचे धाकटे भाऊ. लहानपणी कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात त्यांचा अंगठा गेला होता. त्याच हाताने सायकलची सीट धरून ते माझ्यामागे पळाले होते. त्यांनीच मला वाढवलं.

लिफाफ्यात दुसराही फोटो होता. तीच खुर्ची, तोच कोट, आणि चष्मा लावलेले, विरळ मिशीचे, तरुण काका. लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘चष्म्याशिवाय आणखी एक. मयत मोठ्या भावासाठी. मिशी भरणे, केस मागे.’

मी ते तीनदा वाचलं. अक्षर स्वच्छ होतं, पण डोक्यात काही शिरेना. दोघांचेही अंगठे तुटले असतील, असाही एक खुळा विचार येऊन गेला. मग मोबाइलवर दोन्ही फोटो घेतले आणि रिक्षा करून घरी आले.

आई नव्वदीला टेकलेली, माझ्याकडेच असते. ओट्यावर ऊन खात बसली होती. मी मोबाइल तिच्यापुढे धरला.

“आई, हे काका आहेत.”

तिने पाहिलं, दचकली वगैरे नाही. “मंग? तुझ्या बाबाचा एकबी फोटो नव्हता. तेराव्याला पाटावर काय ठेवती मी? तवा समदे असंच करत होते. भाऊ बसायचा, अन् फोटोवाला मिशी काढून द्यायचा.”

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगू? तू त्या फोटोले बाबा म्हणून राहिली होती.”

“मग बाबा दिसायचे कसे?”

“आधी आठवत होतं,” ती म्हणाली. “साठ वर्सं याच्याकडेच पाहून राहिली ना मी. आता डोळे मिटले तरी हाच येतो.”

मला तिचा राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली. आणि आठवले काका. वर्षश्राद्धाला सगळे त्या फोटोला हार घालायचे आणि काका दाराशी, फोटोकडे पाठ करून उभे राहायचे. सख्ख्या भावाला साधं फूल वाहत नाहीत, म्हणून मी मनातून त्यांच्यावर धुसफुसत असे. जिवंत माणसाने स्वतःच्या फोटोला हार कसा घालावा? ते गेले तेव्हा त्यांचा फोटो शोधायला आम्ही घर पालथं घातलं. एकही मिळाला नाही. त्यांचं तेरावं भिंतीवरच्या त्या फोटोखालीच झालं.

त्या फोटोचं कार्ड अजून माझ्या टेबलावर आहे. ‘फोटोत कोण’ याच्यापुढे मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं. बाई विचारतात, मॅडम, हे एक कार्ड कधी होणार? मी म्हणते, बघते.

लहानपणी मी काकांना हटकून विचारायचे, “बाबा खरंच असेच दिसायचे?” काका हातातलं काम खाली ठेवायचे, चष्मा काढायचे आणि माझ्यासमोर नुसते उभे राहायचे. ते डोळे पुसतायत असं मला वाटायचं. मी त्यांच्याकडे बघायचेच नाही. मी वर, भिंतीकडे बघत असायचे.